मानसोपचार संशोधकांसाठी अनुकूली चाचण्यांची कार्यशाळा: जरूर करा

पीएचडीसाठी मी उपचारांची एक चाचणी चालवली होती. दोन गट, सहभागींची आधीच ठरलेली संख्या, साडेतीन वर्षं. शेवटी निष्कर्ष काय, तर नवी पद्धत जुनीपेक्षा सरस नाही. नंतर मागे वळून पाहिलं तर निम्म्या वाटेवरच आकडे तेच सांगत होते. ते शल्य मनात होतं, म्हणून अनुकूली चाचण्यांची, म्हणजे मधले आकडे पाहून आधी ठरवलेल्या नियमांनुसार वाटेतच बदलता येणाऱ्या चाचण्यांची, ही दोन दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा केली.

पहिला दिवस ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या स्टॅम्पीड या प्रोस्टेट कर्करोगाच्या चाचणीवर गेला. एकच नियंत्रण गट (तुलनेसाठीचा गट), समोर अनेक उपचार. ठीक होता.

खरं सोनं दुसऱ्या दिवशी! सायमन ब्लॅकवेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मांडलेली 'लीपफ्रॉग' रचना. प्रत्येक गटात किमान संख्या भरली की बेझ फॅक्टर (उपचार सरस आहे की नाही, याकडे आकड्यांचा कौल किती झुकतो ते सांगणारी संख्या) पुन्हा पुन्हा काढत राहायचा. अपयशाची सीमा ओलांडली की तो उपचार बाद, आणि त्याच्या जागी नवा आणता येतो. यशाची ओलांडली, तर तोच पुढचा नियंत्रण गट. सगळ्या सीमा मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवायच्या. शिक्षिकेने बनावट माहितीवर हे आमच्याकडूनच करून घेतलं. माझा दुसरा गट चाळिसाव्या व्यक्तीला बाद झाला तेव्हा मला अक्षरशः भरून आलं.

एक तक्रार आहे. उपचाराचा परिणाम तीन महिन्यांनी मोजायचा असेल, तर निर्णय येईपर्यंत भरती पुढे गेलेली असते. यावर जेमतेम पाच मिनिटं दिली. मध्येच उपचार सोडणाऱ्यांचा विषय तर निघालाच नाही, आणि आमच्या क्षेत्रात रोजची अडचण तीच आहे.