लाकूड, दाहिनी की देहदान : अंत्यविधीचा निर्णय हयातीत घेताना

अंत्यविधीबद्दल आधी बोलणे खानदेशात अजूनही अभद्र मानले जाते. त्यामुळे हा निर्णय बहुतेक घरांत रडारड चालू असताना, भाऊबंद आणि शेजारी मिळून तासाभरात घेतात. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबापुढे लाकडाची चिता, गॅस किंवा विद्युत दाहिनी आणि देहदान असे तीन मार्ग असतात. यांतून निवड करताना खर्चापेक्षा ऋतू, अंतर आणि मागे राहणाऱ्यांच्या मनाची तयारी यांचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे.

गावात लाकडाची चिता सर्वांत सोयीची, कारण स्मशान जवळ असते आणि सामानाची जुळवाजुळव भाऊबंदच करतात. एका चितेला साधारण 300 ते 400 किलो लाकूड लागते. गोवऱ्या वापरल्यास ते कमी होते. तिसऱ्या दिवशी राख सावडून अस्थी प्रकाशा, मुडावद किंवा चांगदेव येथे तापीत विसर्जित करता येतात. अडचण येते ती आषाढ-श्रावणात. स्मशानात शेड नसेल आणि वखारीतली बाभूळ ओली असेल, तर चिता धुमसत राहते, डिझेल ओतावे लागते आणि मुलांना ते उभे राहून पाहावे लागते. हा मार्ग ठरवणाऱ्यांनी कोरडे लाकूड कोठे मिळेल, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी.

दाहिनीला पावसाची अडचण नाही. दहन साधारण एक ते दोन तासांत होते, अस्थी त्याच दिवशी मिळतात आणि मुखाग्नीचा विधी दाहिनीच्या दारात प्रतीकात्मक करता येतो. मात्र ही सोय शहरापुरती असते, म्हणून ती आपल्या जवळच्या शहरात आहे का आणि सध्या चालू आहे का, हे नगरपालिकेत किंवा महापालिकेत विचारून घ्यावे. खेड्यातून स्वर्गरथाने तेथवर जायचे, तर सर्व गावकरी सोबत येऊ शकत नाहीत, ही गोष्ट ज्येष्ठांना आधी सांगितलेली बरी. मुले सुरत किंवा पुण्याला असतील, तर कोणताही मार्ग निवडला तरी शीतशवपेटी कोणाकडे मिळते, तो फोन नंबर घरात लिहिलेला असावा.

देहदानाचा विचार सर्वांत बारकाईने करावा लागतो. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जवळची ठिकाणे आहेत. तेथील शरीररचनाशास्त्र विभागाकडे चौकशी करावी. हयातीत साक्षीदारांसह संमतिपत्र भरता येते, परंतु देह प्रत्यक्ष पोहोचवतात नातेवाईक, आणि त्यांनी ऐनवेळी नकार दिला तर त्या कागदाचा काही उपयोग होत नाही. अपघाती मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह किंवा काही संसर्गजन्य आजार असतील, तर महाविद्यालय देह स्वीकारत नाही. म्हणून देहदान ठरवलेल्यानेही दहनाचा पर्याय लिहून ठेवलाच पाहिजे. दशक्रिया आणि गंधमुक्ती हे नंतरचे विधी करता येतात, पण सावडायला अस्थी नसतात. घरातील बायकांना ही उणीव फार खोल जाणवू शकते, त्यामुळे त्यांच्याशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नये. नेत्रदान मात्र तिन्ही मार्गांबरोबर शक्य आहे; त्यासाठी मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे.

माझा कल असा आहे : गावात राहणाऱ्यांनी गोवऱ्या आणि कमी लाकूड, शहरात राहणाऱ्यांनी दाहिनी निवडावी, आणि देहदान केवळ मुलांनी मनापासून होकार दिला असेल तरच ठरवावे.

कागदपत्रे तिन्ही मार्गांत लागतात. मृत्यू घरी झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना 4अ मधील मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा आणि नोंद 21 दिवसांच्या आत करावी. गावात ती ग्रामपंचायतीत होते. खर्चाची रक्कम एकट्याच्या नावावरील खात्यात ठेवू नये, कारण मृत्यूची माहिती मिळताच बँक त्या खात्यातील व्यवहार थांबवते. मुलगा, सून किंवा मुलगी यांच्यापैकी जो जवळ राहतो, त्याच्यासोबतचे संयुक्त खाते त्यासाठी योग्य ठरते.