जर्मनीची शालेय देवाणघेवाण सहल: आठ महिन्यांनंतरचा अनुभव आणि हिशेब

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीच्या पासपोर्टची फाइल आवरताना व्हिसा अर्ज केंद्राची पावती हाती लागली. पावतीवर केंद्राच्या सेवाशुल्काची रक्कम होती आणि तिच्या वरच्या ओळीत, व्हिसा शुल्काच्या रकान्यात, शून्य छापलेले होते. सहल आयोजित करणाऱ्या कंपनीने आम्हाला दिलेल्या खर्चाच्या तक्त्यात मात्र व्हिसा शुल्क म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यामागे ९,००० रुपये लावले होते आणि ते आम्ही सर्व पालकांनी मुकाट्याने भरले होते. मी हा अनुभव लिहायला बसले ती त्या शून्यामुळे.

मुलगी मे २०२५च्या उत्तरार्धात, आठवीतून नववीत जाताना, शाळेच्या २२ मुलांच्या गटाबरोबर गेली होती. कार्यक्रम चौदा दिवसांचा होता: कोलोनजवळच्या एका लहान गावात सात दिवस यजमान कुटुंबाकडे मुक्काम आणि तिथल्या शाळेत हजेरी, त्यानंतर पाच दिवस पॅरिस आणि स्वित्झर्लंड, आणि दोन दिवस प्रवासाचे. पुण्यातील ज्या शाळांत जर्मन शिकवली जाते तेथील पालकांना अशा कार्यक्रमांची ओळख असतेच, म्हणून सामान काय न्यावे आणि थंडी किती असते यात शिरत नाही. पैशांकडे येते.

मूळ रक्कम २,४०,००० रुपये होती. त्यावर ५ टक्के जीएसटीचे १२,००० रुपये आणि या एकूण रकमेवर ५ टक्के टीसीएसचे १२,६०० रुपये, म्हणजे प्रत्यक्षात खात्यातून २,६४,६०० रुपये गेले. पासपोर्ट, नोटरीकडून करून घेतलेले आई-वडिलांचे संमतिपत्र, भेटवस्तू आणि खर्चायला दिलेले २०० युरो वेगळे. टीसीएस हा खर्च नसून आगाऊ जमा झालेला कर असतो, तो विवरणपत्र भरताना परत मिळतो किंवा करातून वळता होतो, हे मला बँकेत नोकरी असल्यामुळे माहीत होते. परंतु आमच्या गटातील किमान चार पालकांनी तो सोडून दिल्यासारखाच धरला होता. आमचा पहिला हप्ता डिसेंबर २०२४मध्ये आणि दुसरा एप्रिल २०२५मध्ये गेल्यामुळे ही रक्कम दोन आर्थिक वर्षांत विभागली गेली. पहिले ६,३०० रुपये मिळाले आहेत, उरलेले या वर्षीच्या विवरणपत्रात येतील. पैसे भरताना नियमित विवरणपत्र भरणाऱ्या पालकाचाच पॅन द्यावा आणि टीसीएसचे प्रमाणपत्र (आमच्या वेळी फॉर्म २७डी) मागून घ्यावे, एवढे सांगून हा भाग संपवते.

आता व्हिसाच्या शुल्काबद्दल. जर्मनीसह युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४पासून ९० युरो झाले आहे आणि बारा वर्षांवरील मुलांनाही ते पूर्ण लागते, एवढे ठाऊक असल्यामुळे ९,००० रुपयांचा आकडा कोणालाच खटकला नाही. परंतु युरोपीय संघाच्या २००९च्या व्हिसा नियमावलीतील कलम १६मध्ये ज्यांच्याकडून शुल्क घेऊ नये असे प्रवासी दिलेले आहेत. शिक्षणाच्या हेतूने जाणारे शालेय विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक हे त्यात आहेत. आमच्या मुलांच्या अर्जाला यजमान शाळेचे निमंत्रणपत्र आणि आमच्या शाळेचे पत्र जोडलेले होते. त्यामुळे अर्ज केंद्राने शुल्क घेतलेच नाही. पावती मुलीच्या हाती दिली गेली, तिने ती फाइलमध्ये ठेवली आणि दोन महिने आमच्यापैकी कोणी ती उघडून पाहिली नाही.

मी कंपनीला ई-मेल केला. पॅकेज एकत्रित किमतीचे असून तक्त्यातील फोड केवळ माहितीसाठी होती, असे उत्तर आले. मी विचारले की, माहिती द्यायचीच होती तर ती चुकीची का दिली. त्यावर काही मुलांना शुल्क पडले असेल असे कळवण्यात आले, तेव्हा मी सात पालकांकडून पावत्यांचे फोटो मागवून घेतले. सातही पावत्यांवर शून्य होते. शाळेने प्रथम आयोजकांच्या हिशेबात आम्ही पडत नाही असे सांगून हात झटकले. बावीस मुलांचे ९,००० म्हणजे १,९८,००० रुपये होतात. आमच्या गटातील दोन मुलांच्या पालकांनी या सहलीसाठी सोने गहाण ठेवले होते आणि एका मुलीचे नाव पैशांअभावी अखेरच्या आठवड्यात मागे घेतले गेले होते. हे ठाऊक असताना एवढ्या रकमेकडे कानाडोळा करणे मला शक्य नव्हते.

त्या रागात मी संपूर्ण तक्ता पुन्हा काढून बसले. विमान प्रवास ६८,०००, व्हिसा, सेवाशुल्क आणि विमा १३,५००, जर्मनीतील सात दिवस ३१,०००, पॅरिस आणि स्वित्झर्लंडचे पाच दिवस १,०२,०००, सोबतच्या शिक्षकांच्या खर्चातील वाटा १६,५००, व्यवस्थापन ९,०००. यजमान कुटुंबाने राहण्या-जेवणाचा एक युरोही घेतला नव्हता. त्यामुळे जर्मनीतील एक दिवस सुमारे ४,४०० रुपयांना पडला, तर पर्यटनाचा एक दिवस २०,४०० रुपयांना. जर्मनीतील खर्चही कमी होऊ शकला असता. यजमान शाळेतील शिक्षिकेने मुलांसाठी तेव्हा ५८ युरोंना मिळणारे मासिक डॉइचलांडटिकेट काढावे असे सुचवले होते, ज्यावर देशभरातील साध्या रेल्वेगाड्या, ट्राम आणि बसमधून प्रवास करता येतो. कंपनीने सोयीचे कारण देऊन स्वतंत्र बस ठरवली.

पर्यटनाच्या पाच दिवसांतून मुलीने काय आणले हे मी तिच्या वहीत शोधले. जर्मनीच्या सात दिवसांची तिने एकोणीस पाने लिहिली आहेत, पुढच्या पाच दिवसांचे एक पान आहे आणि त्यातही बसमध्ये झोप लागल्याचा उल्लेख दोनदा येतो. कोलोनहून पॅरिस सुमारे ५०० किलोमीटर आणि पॅरिसहून टिटलिसच्या पायथ्याचे एंगेलबर्ग त्याहून लांब. पाचपैकी तीन दिवसांचा मोठा भाग बसमध्ये गेला, दोन्ही वेळचे जेवण भारतीय उपाहारगृहात झाले आणि सर्व संभाषण आपापसांत मराठीत आणि हिंदीत झाले. टिटलिसवर ३,००० मीटर उंचीवर बर्फ पाहून तिला आनंद झाला हे खरे आहे आणि त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण त्यासाठी जर्मन शिकण्याची आणि शाळेने मध्ये पडण्याची गरज नव्हती. येथे हेही नोंदवते की, पालकसभेत ‘एवढ्या लांब जायचे तर स्वित्झर्लंडही करून यावे’ या सूचनेला ज्यांनी हात वर केले त्यांत मीही होते.

एकोणीस पानांमध्ये काय आहे, त्यातले थोडे सांगते. यजमान घरात रात्रीचे जेवण म्हणजे पाव, चीज आणि काकडी, काहीच गरम नसे. दोन रात्री ती अर्धपोटी झोपली आणि तिसऱ्या दिवशी तिने धीर करून, वाक्य मनात तीनदा जुळवून, गरम काही मिळेल का असे विचारले. त्याच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या आजींनी तिला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. मे महिना तिकडे पांढऱ्या श्पार्गेलचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचा, हंगाम असतो आणि ही भाजी २४ जूनपर्यंतच काढतात. आजींनी तिला सोलणे हातात दिले, शेंड्याखालून सुरुवात करून साल वरून खाली कशी काढायची ते दाखवले, आणि साली फेकायच्या नसून त्यांचे सूप करायचे असते हेही सांगितले. ‘आपल्या दोडक्याच्या शिरांच्या चटणीसारखे’ असे तिने वहीत लिहिले आहे. हे तिला आजींना जर्मनमध्ये सांगायचे होते, पण दोडक्याला शब्द मिळाला नाही, म्हणून तिने कागदावर दोडका काढून दाखवला.

रविवारी ती काचेच्या रिकाम्या बरण्या टाकायला निघाली तेव्हा घरातील वडिलांनी तिला थांबवले. पांढरी, हिरवी आणि तपकिरी काच वेगवेगळ्या पेटीत जाते हे तिला माहीत होते, परंतु रविवारी काच टाकायची नसते, कारण फुटण्याच्या आवाजाने शेजाऱ्यांची शांतता मोडते, हे नव्हते. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत केली की २५ सेंट मिळतात हे कळल्यावर तिने गटातील मुलांनी टाकलेल्या बाटल्या गोळा केल्या आणि २०० युरोंपैकी ७४ युरो परत आणले. शाळेतही तिला एक गोष्ट नवीन वाटली: वर्गात हात वर करून बोलण्याला तिथे गुणांमध्ये वजन आहे आणि चुकीचे उत्तर दिले तरी कोणी हसत नाही.

तरीही सप्टेंबरमध्ये मी या सहलीला पाचपैकी दोन गुण दिले होते. येथपर्यंतचा बराचसा मजकूर मी तेव्हाच लिहून ठेवला होता आणि शेवटी ‘एवढ्या पैशात मॅक्स म्युलर भवनातील जर्मनचे वर्ग आणि परीक्षा होऊन बरीच रक्कम उरली असती’ असे वाक्य होते. तेवढ्यात ऑक्टोबर आला आणि ते वाक्य मला काढावे लागले.

तिकडच्या नॉर्ड्ऱ्हाइन-वेस्टफालन राज्यातील शरद ऋतूची सुटी १३ ते २५ ऑक्टोबर होती आणि आपली दिवाळी तिच्यात बरोबर बसली. जिच्या घरी माझी मुलगी राहिली होती ती मुलगी बारा रात्री आमच्याकडे होती. तिच्यासाठी आम्हाला वेगळा असा सुमारे १४,००० रुपये खर्च आला आणि त्यातील सर्वात मोठा भाग राजगडाला जाण्या-येण्याच्या गाडीचा होता. सोसायटीतील मुले किल्ला करत होती. माती कालवण्यापासून ती त्यांच्यात मिसळली आणि तटबंदीसाठी विटांचे तुकडे कसे लावावेत यावर तिची व माझ्या मुलीची कडाक्याची चर्चा झाली, तीही जर्मनमध्ये, कारण रागावल्यावर दोघींनाही इंग्रजी सुचत नव्हते. तिच्या घरापासून ऱ्हाइनकाठचे किल्ले जवळ आहेत. त्यांपैकी ड्राखनफेल्सची टेकडी केवळ ३२१ मीटर उंच असल्याचे सांगून राजगडाच्या पद्मावती माचीवर तिने पाण्याची टाकी, सदर आणि बालेकिल्ल्याची वाट असे सर्व विचारून घेतले. जुलैमध्ये ज्या मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत राजगड आहे हे मी सांगितले, पण पाली दरवाजाची रचना समजावून देणे मला जमेना. ते माझ्या मुलीने केले. पाच महिन्यांपूर्वी गरम जेवण मागायला तीनदा वाक्य जुळवणारी मुलगी वळणावरची वाट आणि बुरुजाचा मारा यांबद्दल वीस मिनिटे परक्या भाषेत बोलत होती.

नरक चतुर्दशीच्या पहाटे दोघींना पाटावर बसवून मी तेल आणि उटणे लावले. पाहुणीने उटण्यात काय असते ते विचारले आणि नागरमोथा या शब्दावर माझी मुलगी अडली. तिने वही आणून त्याचे चित्र काढले. तेव्हा मला कळले की, आपण २,४०,००० रुपयांपैकी बहुतेक पैसे चुकीच्या दिवसांसाठी दिले, परंतु मुलीला जे मिळाले ते ३१,००० रुपयांच्या रकान्यातून आणि या १४,००० रुपयांतून मिळाले. ज्या सहलीत परतभेट नाही तिला मी यापुढे देवाणघेवाण म्हणणार नाही. मुलांना परदेश दाखवून आणणे वेगळे आणि घर उघडून देणे वेगळे, आणि त्यांची किंमतही वेगळी असायला हवी.

सर्वांनाच हा खर्च परवडणार नाही याची मला जाणीव आहे. जपानच्या साकुरा सायन्स कार्यक्रमात निवड झालेल्या शालेय विद्यार्थ्यांना खर्च करावा लागत नाही. पुणे जिल्हा परिषदेने आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील मुलांना नासा दाखवण्याचा उपक्रम हाती घेतला. जर्मन शिकवणाऱ्या शाळांसाठीच्या जर्मन सरकारच्या पाश प्रकल्पातील शाळांच्या काही मुलांना जर्मनीतील उन्हाळी अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मिळते. आमच्या शाळेच्या सूचनापत्रात यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता आणि तो असायला हवा होता, विशेषतः जिचे नाव मागे घेतले गेले त्या मुलीसाठी.

व्हिसा शुल्काचे पुढे असे झाले. नऊ पालकांच्या सह्यांचे पत्र नोव्हेंबरमध्ये शाळेच्या व्यवस्थापनाकडे गेले, सोबत पावत्यांच्या प्रती आणि कलम १६चा मजकूर जोडला होता. या वेळी मुख्याध्यापिकांनी ते स्वतः वाचले आणि कंपनीला लेखी खुलासा मागितला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बावीसही कुटुंबांच्या खात्यात प्रत्येकी ९,००० रुपये जमा झाले. त्या रकमेवर घेतलेल्या जीएसटीचे ४५० रुपये मात्र आलेले नाहीत.

सहलीला मी आता पाचपैकी साडेतीन गुण देते. अर्धा गुण बसच्या प्रवासासाठी आणि एक गुण हिशेबासाठी वजा केला आहे.

मागील आठवड्यात २०२६च्या गटाचे पत्रक आले. मुक्काम अकरा दिवसांचा असून सर्व दिवस यजमान कुटुंबांकडे आहेत, पॅरिस आणि स्वित्झर्लंड वगळले आहे, परतभेट बंधनकारक आहे आणि रक्कम १,४८,००० रुपये आहे. धाकट्याचे नाव मी दिले. सही करण्यापूर्वी खर्चाच्या तक्त्यात व्हिसा शुल्काचा रकाना पाहिला. तिथे शून्य लिहिलेले आहे.