डेटाव्हर्स वेब एपीआयचं $एक्स्पांड: वर जाताना बिनधास्त, खाली उतरताना मोजून

लोहार चाळीतला एखादा घाऊक इलेक्ट्रिकल व्यापारी घ्या. गिऱ्हाईक पेढी एका टेबलात, तिथला बिलं पास करणारा माणूस दुसऱ्यात, ऑर्डरी तिसऱ्यात. काउंटरवरच्या माणसाला हे तिन्ही एका स्क्रीनवर हवं असतं, तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. मायक्रोसॉफ्टच्या डेटाव्हर्समध्ये, म्हणजे धंद्याची टेबलं क्लाउडवर ठेवणाऱ्या सेवेत, त्यासाठी ओडेटा ४.० या प्रमाणावर बेतलेला वेब एपीआय आहे, म्हणजे वेब पत्त्यातून डेटा मागायची सोय, आणि त्यातलं $एक्स्पांड संबंधित नोंदी सोबत ओढून आणतं. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड कुठे गेला ते खाली येईलच.

आधी जे झकास आहे ते. वर जाणं, म्हणजे अकाउंटकडून (पेढीकडून) त्याच्या प्रायमरी कॉन्टॅक्टकडे (तिथल्या माणसाकडे), लूकअप कॉलमवरून (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवरून) एकाच नोंदीपर्यंत पोचणं, याला फारसं काही लागत नाही. $एक्स्पांडमध्ये नातं लिहायचं, कंसात $सिलेक्ट करून नाव आणि मोबाइल एवढेच दोन कॉलम मागायचे. पाच हजार गिऱ्हाइकांची यादी मागवून मग प्रत्येकाच्या माणसासाठी वेगळी विनंती पाठवली, तर ५००१ फेऱ्या होतात. $एक्स्पांडने तेच काम एका फेरीत होतं, पाचशेपाचशेची पानं केली तरी दहा. हा फरक नुसत्या वेळेचा नाही. एका युजरला एका वेब सर्व्हरवर पाच मिनिटांत ६००० विनंत्या आणि एकाच वेळी ५२ एवढीच मुभा आहे. ती ओलांडली की ४२९ हा ‘फार विनंत्या झाल्या’ सांगणारा एरर येतो, सोबत किती सेकंद थांबायचं ते सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर. तो न वाचता लूप फिरवत बसणारा कोड स्वतःची रांग आणखी लांबवतो.

कंसातलं $सिलेक्ट विसरू नका. ते नसेल तर कॉन्टॅक्टचे झाडून सगळे कॉलम येतात. चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने फोन बघणाऱ्या सेल्समनला तेवढं ओझं झेपत नाही.

बरेचदा तर $एक्स्पांडची गरजच नसते. लूकअप कॉलम हा अंडरस्कोर, कॉलमचं नाव, अंडरस्कोर, व्हॅल्यू अशा रूपात नुसता आयडी देतो. पण विनंतीच्या प्रेफर हेडरमध्ये इन्क्लूड-अ‍ॅनोटेशन्स सांगून फॉर्मॅटेड व्हॅल्यू मागितली, की त्या आयडीसोबत माणसाचं नावही येतं. स्क्रीनवर फक्त नाव दाखवायचं असेल तर एवढ्यावर भागतं. ही सोय फार थोडे वापरतात, का कोण जाणे.

पहिल्याच दिवशी डोकं फिरवतात ती नावं. स्वतः बनवलेल्या लूकअपचं $सिलेक्टमधलं नाव सगळं लहान लिपीत, आणि $एक्स्पांडमधलं नाव स्कीमा नेमप्रमाणे (बनवताना दिलेल्या मूळ नावाप्रमाणे), म्हणजे मधलं अक्षर कॅपिटल असेल तर कॅपिटलच. एक अक्षर चुकलं की ‘अशी प्रॉपर्टी सापडली नाही’ म्हणून ४०० हा एरर. अंदाज बांधत बसू नका, $मेटाडेटा (टेबलं, कॉलम आणि नाती यांची नावं देणारं पान) उघडून नाव तिथून उचला. ऑर्डरीचा कस्टमर तर दुतोंडी. तो अकाउंटही असू शकतो आणि कॉन्टॅक्टही, त्यामुळे नाती दोन: कस्टमरआयडी अंडरस्कोर अकाउंट आणि कस्टमरआयडी अंडरस्कोर कॉन्टॅक्ट. दोन्ही एक्स्पांड करायची. एक भरलेलं येईल, एक नल, म्हणजे रिकामं.

दुसरी हमखास चूक म्हणजे कंसातला स्वल्पविराम. बाहेर पर्याय अँडच्या चिन्हाने जोडतात, $एक्स्पांडच्या कंसात अर्धविरामाने. कॉलमची नावं मात्र दोन्हीकडे स्वल्पविरामानेच.

आता खाली उतरू. एका पेढीच्या सगळ्या ऑर्डरी, म्हणजे एकाकडून अनेकांकडे. इथे एक गोष्ट गाठीला बांधा: कंसातलं $फिल्टर फक्त खालची यादी गाळतं, वरच्या पेढ्या नाही. ‘एप्रिलनंतरच्या ऑर्डरी’ असं कंसात लिहिलं तर एप्रिलनंतर काहीच न घेतलेल्या पेढ्याही येतात, रिकामी यादी घेऊन. त्या नको असतील तर बाहेरच्या $फिल्टरमध्ये ‘एनी’ (निदान एक तरी नोंद जुळावी) वापरून तीच अट पुन्हा लिहावी लागते. अट दोनदा लिहिणं कंटाळवाणं आहे खरं, पण चुकीचा अहवाल निघतो तो इथेच.

एकाच पातळीचं एक्स्पांड असेल तर कंसात $टॉप (किती नोंदी) आणि $ऑर्डरबाय (कोणत्या क्रमाने) चालतात. प्रत्येक पेढीच्या शेवटच्या पाच ऑर्डरी, छान मिळतात. पण ऑर्डरींच्या आत त्यांच्या मालाच्या ओळी, असं एक्स्पांडच्या पोटात एक्स्पांड घातलं की हे दोन्ही चालत नाहीत. पानांचा हिशेबही बदलतो. एका पातळीत पानं फक्त वरच्या टेबलाची पडतात. खालच्या यादीजवळ नेक्स्टलिंक, म्हणजे पुढच्या पानाची लिंक, दिसते, पण तिच्यात पानाची खूण नसते, म्हणून तिच्या भरवशावर कोड लिहू नये. दोन पातळ्यांत मात्र खालच्या नोंदींचीही पानं पडतात, आणि ती एकेक करून पुढे ओढावी लागतात. एक तारा गेला तो इथे. दोन मजले खाली जायचं असेल तर सरळ दोन विनंत्या कराव्यात आणि आयडीवर आपल्या कोडमध्ये जोडाव्यात. नाहीतर फेचएक्सएमएलचं (डेटाव्हर्सच्या एक्सएमएलमधल्या क्वेरी भाषेचं) टेबलं जोडणारं लिंक-एंटिटी आहे, पण ते सपाट ओळी देतं: पेढीच्या दहा ऑर्डरी असतील तर पेढीचं नाव दहा वेळा. नुसती बेरीज हवी असेल तर ओळी ओढूच नका, अ‍ॅग्रिगेट वापरा, त्याला ५०,००० नोंदींची मर्यादा आहे हे धरून.

एका विनंतीत एक्स्पांड जास्तीत जास्त १५. तेवढे लागत असतील तर दोष बहुधा स्क्रीनच्या आखणीत असतो. एका पानात ५००० नोंदी, $स्किपने नोंदी ओलांडून पुढे जाता येत नाही, पुढचं पान फक्त नेक्स्टलिंकने. ती लिंक जशी येईल तशीच वापरायची, शेपटीला काही जोडायचं नाही, आणि तोच प्रेफर हेडर दर वेळी पाठवायचा. नोंदी मोजणारा $काउंटही ५००० वर थांबतो, म्हणून बरोब्बर ५००० आकडा आला की संशय घ्यायचा.

मुंबईच्या डेटावर अडखळायला लावणाऱ्या जागा वेगळ्याच. पत्ते इंग्रजीत भरलेले असतात. त्यात ‘किंग्ज सर्कल’मधला ॲपॉस्ट्रॉफी $फिल्टरची मजकुराची खूण मध्येच बंद करतो, तो दोनदा लिहावा लागतो. पेढीच्या नावातलं ‘अँड सन्स’ चिन्हाने लिहिलेलं असेल तर ते एन्कोड करा (वेब पत्त्यात चालेल अशा सांकेतिक रूपात लिहा), नाहीतर विनंतीचा वेब पत्ता तिथेच तुटतो. पिनकोड ४०० ने सुरू होणारे मागितले तर ठाणे आणि वाशीही येतात. आणि वेळ. सर्व्हरवर ती यूटीसीत असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत. १ एप्रिलची मध्यरात्र म्हणजे तिकडची ३१ मार्चची संध्याकाळ, साडेसहा. झेड (यूटीसीची खूण) लावून १ एप्रिल ००:०० लिहिलं की नव्या आर्थिक वर्षातले पहिले साडेपाच तास गायब. अधिक साडेपाच असं लिहायचं तर अधिकचं चिन्हही एन्कोड करायचं, कारण वेब पत्त्यात त्याची मोकळी जागा होते.

उरलेला अर्धा तारा गप्पपणाचा. एपीआय विनंती करणाऱ्याच्या हक्कांनी चालतो. सेल्समनच्या रोलला (त्याला दिलेल्या हक्कांच्या संचाला) फक्त स्वतःच्या नोंदी वाचायची परवानगी असेल, तर खालची यादी तोकडी येते आणि कुठेही एरर दिसत नाही. आकडा कमी वाटला की कोड चाळण्याआधी तीच विनंती सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या लॉगिनने करून बघा. दोन आकडे वेगळे आले तर काम रोल बनवणाऱ्याचं आहे.