पॉलिशच्या आधी सीट उचला

२००९ ची बीएमडब्ल्यू ५२०डी, सव्वाचार लाखांना. पुण्याचं पासिंग, एमएच-१२. मीटरवर ७८ हजार. पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण झालेलं, म्हणजे पाच वर्षं तो घोर नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या एका पोर्चमध्ये उभी करून घरच्या घरी हळूहळू नवी करायची, असा बेत होता. पहिले तीन रविवार रंगावर गेले. चौथ्या रविवारी व्हॅक्यूम मारायला मागच्या सीटचा तळ उचलला आणि खालच्या फेल्टवर बोटभर रुंदीची करडी रेघ दिसली. डावीकडून उजवीकडे, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

गाडी पाण्यात गेलेली होती. आणि ही रेघ बघायला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागला नव्हता. ई६०, म्हणजे या गाडीच्या मॉडेलमध्ये मागच्या सीटचा तळ पुढच्या कडेला धरून वर ओढला की क्लिपमधून सुटतो. मिनिटभराचं काम. व्यवहाराच्या दिवशी ते कुणी केलं नाही, कारण गाडी चकाचक होती आणि चकाचक गाडीची सीट उपटणं बरं दिसत नाही. विकणाऱ्याची सगळी भिस्त या संकोचावर असते.

सांगलीचा माणूस पुराच्या गाडीला फसत नाही, असा आपला समज आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, गावभाग, शामरावनगर इथं गाड्या कशा तरंगत होत्या ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे इथला गिऱ्हाईक एमएच-१० आणि एमएच-०९ बघितलं की दहा प्रश्न विचारतो. एमएच-१२ म्हटलं की मात्र निवांत. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं गाड्या वाहून नेल्या, हे तेवढ्यापुरतं विसरलं जातं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये चेन्नई, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबाद, तिथल्याही गाड्या कुठे तरी गेल्याच असणार. विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे अख्ख्या गाडीची भरपाई देते, सांगाडा लिलावात जातो, घेणारा तो सुकवून-धुऊन पुन्हा रस्त्यावर आणतो. पासिंगचा नंबर गाडी कुठे नोंदली ते सांगतो, पुराच्या रात्री ती कुठे उभी होती ते नाही.

ट्रायल घेतली होती का? घेतली होती, घेणारे कराडपर्यंत जाऊन आले होते, आणि गाडी लोण्यासारखी पळाली. त्यात नवल काहीच नाही. चालत्या इंजिनानं पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतात आणि तिथल्या तिथे खेळ खलास होतो. पण बंद करून उभी ठेवलेली गाडी पाण्यात बुडाली तर ऑइल, फिल्टर आणि डिझेल बदलून इंजिन ठणठणीत चालू शकतं. मरतं ते वायरिंग, आणि तेही सावकाश. बॅटरी जोडलेली असताना कनेक्टर बुडाला की करंट वाहणाऱ्या पिना आधी खाल्ल्या जातात. वर हिरवी पावडर, आत तांब्याचा केस उरतो. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष. तोवर विकणारा फोनचा नंबर बदलून मोकळा.

खुणा कुठे बघायच्या ते जरा सविस्तर. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे सीट बेल्ट. पट्टा अगदी शेवटापर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात शेवटचा हात-दीड हात कधी बाहेर येतच नाही, आणि शाम्पू मारणाराही तिथपर्यंत जात नाही. या गाडीत चारचौघांना दिसणारा पट्टा काळाभोर मऊ होता. शेवटचा तुकडा मात्र पुठ्ठ्यासारखा कडक, काठावर भरतीची रेघ, आणि नखानं खरवडल्यावर पीठ पडावं तसा बारीक करडा गाळ. मातीचा रंगही बोलतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे फिरलेल्या गाडीत तांबडी धूळ सापडते, ती जांभ्याची, तिच्यानं बिघडत काही नाही. ती कोपऱ्याकोपऱ्यात साचते, पसरट असते. पुराचा गाळ मैद्यासारखा बारीक असतो, एका पातळीत बसतो, आणि वारा जिथे धूळ नेऊच शकत नाही तिथे सापडतो: कनेक्टरच्या आत, हेडलाइटच्या आत.

मग डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारा. तिथल्या स्क्रूची डोकी, ब्रेक पेडलचा ब्रॅकेट, सीटखालच्या स्प्रिंगा. दरवाज्याच्या बिजागरीवर गंज असला तर तो पावसाचाही असू शकतो. डॅशबोर्डखालच्या स्क्रूवर पाऊस पडत नाही. डिकीचं मॅटिंग उचलून तळाचा खड्डा बघा. या गाडीत उजव्या बाजूला बॅटरी असते, तिच्या ट्रेखाली बोट फिरवा. गाडीच्या पोटाला सगळीकडे एकसारखा ताजा काळा कोट मारलेला असेल तर तो कौतुकानं मारलेला नसतो.

वासाची चाचणी फुकट आहे. काचा बंद, एसीची हवा आतल्या आत फिरती, हीटर पूर्ण, दहा मिनिटं. बाहेर थांबा आणि मग दार उघडून पहिला श्वास घ्या. ओल्या गोणपाटासारखा वास आला की पुढं बोलणं नको. ज्या गाडीत कापराच्या वड्या, कॉफीची पुडी आणि दोन-दोन परफ्युम आधीच ठेवलेले असतात तिथे ही चाचणी दुपारी, उन्हात तापलेल्या गाडीत घ्यावी.

रंगात काय फसलं ते वेगळंच. कार कन्सल्टंटनं लोहचुंबक हातात देऊन 'पुट्टी आहे का बघा की' म्हटलं होतं. दारांना चिकटलं. बॉनेट आणि पुढच्या फेंडरना चिकटलं नाही तेव्हा तोच म्हणाला, 'ॲल्युमिनियम आहे साहेब, जर्मन गाडी.' खरं आहे, ई६० चा पुढचा भाग ॲल्युमिनियमचाच असतो. पण म्हणूनच पुढच्या भागाची परीक्षा चुंबकानं होतच नाही; ॲल्युमिनियम कोरं असो वा बोटभर पुट्टीनं भरलेलं, उत्तर एकच. जाडी मोजायचं यंत्र घ्यावं लागतं, दोन-तीन हजारांत येतं, आणि ते लोखंड व ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारं हवं. स्वस्तातलं फक्त लोखंड वाचतं आणि नेमकं जिथे गरज आहे तिथे गप्प बसतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन, दुसऱ्यांदा मारलेला २०० च्या पुढं, पुट्टी असेल तर ५०० च्याही वर. या गाडीचं छत ११०, डिकी १२०, बॉनेट २६०, डावा फेंडर ६४०. हे आकडे पॉलिश झाल्यावर घेतले, म्हणजे वरातीनंतर कुंडली. सुदैवानं ऑर्बिटल मशीन होतं, ते रोटरीपेक्षा रंग कमी खातं. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो. कंपाउंडच्या एका फेरीत त्यातले दोन-चार जातात. विकणाऱ्यानं आधीच रोटरीवर लोकरीचं पॅड लावून रबिंग करून घेतलं होतं, आणि उन्हात आडव्या नजरेनं पाहिलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत होते. तीन रविवारांत आयर्न रिमूव्हर, क्ले, कंपाउंड, फिनिशिंग आणि कोटिंग मिळून अठरा हजार गेले, ते ज्याच्या आत गाळ आहे अशा पत्र्यावर.

लेदरची परीक्षाही सोपी आहे. सीटच्या बाजूला, खाली, न दिसणाऱ्या जागी पांढऱ्या ओल्या फडक्यानं जरा जोर लावून पुसा. फडकं रंगलं तर सीटला नुकताच रंग मारलाय. भिजून वाळलेलं लेदर शिवणीपाशी आकसतं आणि दाबलं की कागदासारखं वाजतं.

आता एअरबॅग, ज्याच्याशी घरी खेळू नये. इग्निशन दिल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे, आपल्या वेळेनं. या गाडीत तो बॅटरीच्या दिव्याबरोबर लागायचा आणि बॅटरीच्या दिव्याबरोबरच विझायचा. स्कॅनर लावला तेव्हा कळलं की एअरबॅगच्या मॉड्यूलशी, म्हणजे ती चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीशी, बोलणंच होत नाही. मीटरमधला दिवा दुसऱ्या वायरवर टाकलेला होता. काही ठिकाणी बॅगच्या जागी बारीक रेझिस्टर लावून मॉड्यूलला फसवतात, तिथे दिवा अगदी बरोबर वागतो. म्हणून दिव्यावर विसंबू नका, सगळी मॉड्यूल्स वाचणारा स्कॅनर लावा. इंजिनपुरतं वाचणाऱ्या पाचशे रुपयांच्या ब्लूटूथ डबीचा इथं उपयोग नाही. सीट काढायची झाली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडा, किमान दहा मिनिटं थांबा, मगच सीटखालचा पिवळा कनेक्टर काढा. पिवळा म्हणजे एअरबॅग किंवा बेल्टचा बारूद. सीट बाहेर असताना इग्निशन देऊ नका, नाहीतर नवा फॉल्ट बसतो. भिजलेलं एअरबॅग मॉड्यूल साफ करून वापरू नये, बदलायचंच. भिजलेल्या बेल्टचंही तेच.

त्याच स्कॅनरनं मीटरचाही निकाल लागला. ई६० मध्ये किलोमीटर मीटरच्या पॅनलमध्ये, किल्ली ओळखणाऱ्या कॅस मॉड्यूलमध्ये आणि किल्लीतही साठतात. मीटर पाडणारे पहिल्या दोन ठिकाणचे आकडे जुळवून घेतात. पण प्रत्येक मॉड्यूल आपला फॉल्ट नोंदवताना त्या वेळचे किलोमीटरही लिहून ठेवतं, आणि तिकडे सहसा कुणी हात लावत नाही. ७८ हजारांच्या या गाडीच्या गिअरबॉक्स मॉड्यूलमध्ये १ लाख ८६ हजारांवर नोंदलेला फॉल्ट होता. फॉल्ट पुसायच्या आधी त्यांचे फोटो घ्या. पुसल्यावर पुरावाही पुसला जातो. किलोमीटर खरे कळल्यावर या गाडीतल्या एन४७ इंजिनची झिजणारी टायमिंग चेनही डोळ्यांसमोर येते. ती मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. थंड इंजिन सुरू करताना मागून साखळी घासल्यासारखा आवाज आला तर खर्च चेनचा कमी आणि तिच्यापर्यंत पोचण्याचा जास्त.

गिअरबॉक्समध्ये पाणी ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं, चहात साय फेटल्यासारखं, तर आत क्लच प्लेटचा डिंक सुटायला लागलेला असतो आणि नुसतं ऑइल बदलून तो परत चिकटत नाही. या गाडीत एवढं एक नशीब होतं, ऑइल काळं पण स्वच्छ निघालं. झेडएफ कंपनीच्या सहा गिअरवाल्या बॉक्सला प्लास्टिकचा संप, म्हणजे तळाचं ऑइलचं भांडं असतं, फिल्टर त्यातच, म्हणून फिल्टर बदलणं म्हणजे अख्खा संप बदलणं. ऑइलची लेव्हल बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी समतल उचलून, ऑइल चाळीस अंशांच्या आसपास असताना फिलरमधून धार थेंबांवर येईपर्यंत. गार ऑइलवर अंदाजे भरणारा मेकॅनिक गाठ पडला तर गाडी परत आणा.

अशी गाडी गळ्यात पडलीच तर पहिलं काम कार्पेट. दोन्ही पुढच्या सीटा, मधला कन्सोल, दाराच्या उंबऱ्यावरच्या सिलच्या पट्ट्या काढल्याशिवाय ते निघत नाही. वरून हात लावला तर कोरडं लागतं; पाणी खालच्या जाड फोममध्ये असतं. या गाडीचं कार्पेट एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकलं होतं, पाचव्या दिवशी पायाखाली दाबलं तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूनं अजून पाझर आला. शेवटी फोम कापून नवा चिकटवला. कनेक्टर एकेक उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. हिरव्या झालेल्या पिना घासून वापरू नका, पिन कापून नवी टाका. बॉडीचे अर्थिंग पॉइंट मोकळे करून, घासून, ग्रीस लावून परत आवळा. निम्मे भुताटकीचे फॉल्ट तिथेच जातात.

कागदांत बघायचं ते एवढंच. एमपरिवहन या सरकारी ॲपवर ओनर किती हे दिसतं, पूर दिसत नाही. पूर दिसतो तो जुन्या पॉलिसीत. एकाच मालकाकडे सलग गाडी असताना ५० टक्के नो क्लेम बोनस पुढच्या वर्षी शून्य झाला असेल तर आधीच्या वर्षी बहुधा क्लेम घेतलाय. कशाचा, ते विचारा. मालक बदलला असेल तर शून्य आपोआप होतो, कारण बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. म्हणून मधल्या वर्षांच्या सगळ्या पॉलिसी मागा. सेकंडहँड गाड्यांच्या डीलरला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, तेही दाखवायला सांगा. डीलरकडून घेतलेल्या गाडीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. खाजगी माणसाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावा किंवा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार.

दोन्हीकडे पहिला प्रश्न येतो, लिहून काय घेतलंय? इसार देतानाच पावतीवर चार वाक्यं घ्यायची: गाडी पुरात किंवा पाण्यात गेलेली नाही, टोटल लॉस झालेली नाही, मीटर मूळ आहे, यातलं काही खोटं निघाल्यास पूर्ण रक्कम परत. खाली सही, तारीख, चॅसी नंबर. सही करायला का-कू करणाऱ्याकडे इसारही ठेवू नका.

या गाडीच्या पावतीवर एकच वाक्य होतं, निळ्या शाईत, खाली घेणाऱ्याची सही: 'गाडी पाहून, चालवून, पसंत करून घेतली.'