जुन्या वॅगनचा पत्रा: रेडऑक्साइड की झिंक प्रायमर?

खाडीकाठी उभ्या वॅगनचा पत्रा आधी गोड्या पाण्याने धुवा. गंजाच्या खड्ड्यांत मीठ राहिलं तर वरचा कुठलाही रंग फुगतो.

प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर. त्यातला तांबडा रेडऑक्साइड स्वस्त. तारेच्या ब्रशने घासलेल्या पत्र्यावरही धरतो, पण खाऱ्या वाऱ्यात फार टिकत नाही. झिंक प्रायमर म्हणजे इपॉक्सी राळेत जस्ताची पूड. हे जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. मात्र ते उघड्या धातूला भिडलंच पाहिजे, म्हणजे सँडब्लास्टिंग (वाळूच्या जोरदार माऱ्याने गंज उडवणं) हवंच. गंजावर मारलं तर पैसे पाण्यात. ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी, नव्या गंजाची लाली चढायच्या आत पहिला हात द्या. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांवर असेल तर डबा उघडूच नका. पावसाळ्यात हे काम नकोच.

आमची पसंती सांगाड्याला झिंक. रिव्हेटच्या दुपदरी सांध्यांत ब्लास्टिंग पोचत नाही, तिथे रेडऑक्साइड ब्रशने कोंबा. पण झिंकनंतरच: रेडऑक्साइडवर इपॉक्सी चढवलं तर खालचा थर सुरकुततो.