भुवईवरचा वण आणि इंजेक्शनं: कोथरूडच्या एका स्किन क्लिनिकबद्दल

मी कथक शिकवते. वयानुसार भुवया खाली उतरल्या, पापण्यांवर ओझं आलं आणि चेहरा कायम थकलेला दिसायला लागला, म्हणून मुंबईत भुवया उचलण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. भुवईच्या अगदी वर कोयरीच्या आकाराची कातडी काढून टाके घालतात, ती पद्धत. दुर्बिणीतून करतात त्या प्रकारात छेद केसांच्या आत लपतात, पण माझ्या जड भुवयांना थेट पद्धतच चांगली, असं सर्जनचं म्हणणं होतं. भुवया छान उचलल्या गेल्या, त्याबद्दल तक्रार नाही. डावीकडचा वण बारीक रेघेवर थांबला. उजवीकडचा मात्र लाल होत, फुगत गेला. खाज यायची, बोट फिरवलं की दोरी लागायची. तिथल्या फॉलोअपला विचारलं तर "वर्षभरात बसेल" एवढंच उत्तर मिळालं. म्हणून पुण्यातच स्किनच्या डॉक्टर शोधल्या. हा रिव्ह्यू त्यांच्या उपचारांचा आहे. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण मला उपचार कसे झाले ते सांगायचंय.

पहिल्याच भेटीत मॅडमनी सुई हातात घेतली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. भिंगातून वण पाहिला, दाबून पाहिला, फोटो काढले. मग समजावलं की फुगलेला वण जखमेच्या हद्दीतच राहिला तर तो हायपरट्रॉफिक. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत पसरला तर केलॉइड, आणि तो जास्त हट्टी असतो. माझा पहिल्या प्रकारचा होता. घरात कोणाला केलॉइड आहे का, कान टोचल्यावर गाठ आली होती का, मधुमेह आहे का, सगळं विचारलं. माझी साखर काठावर असते म्हणून आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून आणायला सांगितलं, कारण स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढू शकते. आधी एका मोठ्या, चकचकीत सेंटरमध्ये जाऊन आले होते. तिथे कोणी वणाला हातही न लावता लेझरचं पॅकेज समोर ठेवलं होतं.

औषध म्हणजे ट्रायअॅमसिनोलोन, एक स्टेरॉइड. केमिस्टकडे केनाकॉर्ट नावाने मिळतं, १० आणि ४० मिलिग्रॅम प्रति मिली अशा दोन ताकदींत. वणात कोलॅजन गरजेपेक्षा जास्त तयार होत राहतं. हे औषध ते काम मंदावतं आणि सूजही उतरवतं. चेहऱ्यावर ताकद कमीच ठेवायची, हा मॅडमचा आग्रह. १०चं औषधही त्यांनी पातळ करून घेतलं. जास्त दिलं तर कातडी पातळ होऊन खड्डा पडतो, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, आणि आपल्या सावळ्या रंगावर पांढुरका डाग उठून दिसतो. सुरुवातीला मला हे फार सावकाश वाटायचं. आता वाटतं, याच सावकाशीमुळे माझ्या कपाळावर खड्डा नाही.

दुखतं का? हो, दुखतं. सुई बारीक, इन्शुलिनच्या सिरिंजसारखी, तिचं फार काही वाटत नाही. पण औषध वणाच्या आतच जायला हवं, खालच्या चरबीत नाही. सुरुवातीला वण इतका घट्ट होता की औषध आत शिरतच नसे, आणि तो दाब कपाळात घुमायचा. बर्फ लावून, औषधात थोडी भूल मिसळून निभावलं. औषध बरोबर जागी गेलं की वण क्षणभर पांढरा पडतो. मॅडम ते मोबाईलच्या आरशात दाखवायच्या. पुढे वण मऊ झाला तसा त्रास कमी होत गेला. दोन इंजेक्शनांमध्ये साधारण महिन्याचं अंतर असायचं.

भुवईजवळ हे काम पार्लरमध्ये कधीही करून घेऊ नका, हे मी ठासून सांगते. तिथल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. औषधाचे कण किंवा फिलर (कातडीखाली भराव घालणारं जेल) चुकून त्यात शिरले तर दृष्टी जाऊ शकते. हे फार क्वचित होतं, पण झालेलं आहे. मॅडम प्रत्येक ठिकाणी आधी सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना, ते पाहायच्या आणि अगदी थेंबभर औषध हलक्या दाबाने सोडायच्या.

मग बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू काही महिने सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, विषय निघाला. मी स्वतःच विचारलं होतं. जखम ताजी असताना कपाळाचा स्नायू शांत ठेवला तर वणावरचा ताण कमी होऊन तो बारीक राहतो, यावर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांचा अभ्यास २००६ साली छापून आला होता, असं मॅडम म्हणाल्या. पण माझी जखम ताजी नव्हती. शिवाय भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. तोच तीन-चार महिने झोपवला तर शस्त्रक्रियेने उचललेली भुवई पुन्हा खाली येण्याची भीती. आणि त्यांनी माझा पेशा लक्षात ठेवला होता! "ताई, तुम्ही अभिनय शिकवता ना?" नाट्यशास्त्रात भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या आहेत, आणि त्यातल्या उत्क्षेपात भुवई वरच जाते. मुलींना ती निश्चल कपाळाने कशी दाखवणार? जास्त पैसे मिळवून देणारं इंजेक्शन त्यांनी स्वतःहून नको म्हटलं, तेव्हा माझा पूर्ण विश्वास बसला. वण हटला नाही तर स्टेरॉइडमध्ये फाइव्ह-एफयू मिसळायचं ठरलं होतं. ते मूळचं कर्करोगाचं औषध. माझ्यावर ती वेळ आली नाही.

फरक कसा पडला? आधी खाज गेली, मग लाली, मग उंची. आता बोट फिरवलं तर वण जेमतेम जाणवतो. रुंदी मात्र तेवढीच आहे. इंजेक्शनाने रेघ अरुंद होत नाही, आणि हे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वणातून गेलेले भुवईचे केस परत आलेले नाहीत, तिथे पेन्सिल लावते. शेवटाकडे एक फिकट ठिपका पडला होता, तो हळूहळू रंगाला येतोय. सोबत रात्री सिलिकॉन जेल आणि दिवसा सनस्क्रीन अजून चालू आहे, त्यामुळे सगळं श्रेय सुईला देता येणार नाही.

पैशांचं बोलायचं तर औषध स्वस्त आहे, खर्च होतो तो फीचा. पण फी आधी सांगतात, पावती देतात आणि मागच्या फोटोशी ताडून वण बसलाय असं दिसलं तर त्या दिवशी इंजेक्शन न देता नुसती तपासणी फी घेतात. उणीव एकच, वाट पाहणं. अपॉइंटमेंट सहाची असली तरी नंबर साडेसातच्या आत लागत नाही, आणि बसायला खुर्च्या कमी आहेत. संध्याकाळचे क्लास असतील तर सकाळची वेळ मागून घ्या. शनिवारी देतात.