कूपरचं खूळ: आठ महिने वापरून झाल्यावर

मिक्सर कसा आहे ते पहिल्या पुरणाला कळतं, दुकानात नाही. म्हणून कुठल्याही गोष्टीबद्दल सहा महिने व्हायच्या आत काही लिहायचं नाही असा माझा नियम आहे. या वेळी वस्तू नाही, छंद आहे. 1971 साली एका माणसाने विमान पळवलं, पैसे घेतले, विमानातून उडी मारली आणि तो आजवर सापडलेला नाही. त्याच्यावर वाद घालत बसणारे लोक असतात. गेल्या नोव्हेंबरपासून मी त्यांच्यातला एक आहे.

आम्ही पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला राहतो. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ऑफिसात मायक्रोवेव्हसमोर डबा गरम होण्याची वाट बघत होतो, तेव्हा एक सहकारी म्हणाला, ‘आज कूपरचा दिवस. इथूनच उडालं होतं ते विमान.’ बस. आमटी गार झाली आणि खूळ लागलं.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 24 नोव्हेंबर 1971, बुधवार. सूट घातलेल्या एका इसमाने पोर्टलंडला रोख पैसे मोजून सिअ‍ॅटलचं तिकीट काढलं. नाव सांगितलं डॅन कूपर. ते पुढे वार्ताहरांच्या गडबडीत ‘डी. बी.’ झालं आणि तसंच चिकटलं. नॉर्थवेस्ट ओरिएंटचं बोइंग 727, जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. त्याने बर्बन मागवली, हवाई सुंदरीच्या हातात चिठ्ठी दिली आणि ब्रीफकेस उघडून आतल्या तारा आणि लाल नळकांडी दाखवली. मागणी 2,00,000 डॉलर आणि 4 पॅराशूट. सिअ‍ॅटलला पैसे आले, 36 प्रवासी उतरले, विमान मेक्सिकोच्या दिशेने पुन्हा उडालं. चाकं खाली, पंखांचे फ्लॅप उघडे, उंची 10,000 फुटांच्या आत, वेग कमी, सगळं त्याने सांगितलं तसं. रात्री आठच्या सुमारास शेपटीखालचा मागचा जिना उघडल्याचा दिवा कॉकपिटमध्ये लागला, थोड्या वेळाने शेपटीला हिसका बसला. इंधन भरायला विमान रीनोला उतरलं तेव्हा आत कूपर नव्हता. त्याचा अडकवायचा काळा टाय मात्र सीटवर होता.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने सन ऐकला आणि म्हणाली, ‘एकाहत्तर म्हणजे आपलं ‘गंगा’ विमान लाहोरला नेलं ते वर्ष. आणि थंडीत खिडक्यांना काळे कागद. तुझा हा कूपर त्या गर्दीत आमच्यापर्यंत पोचलाच नाही रे.’ बरोबर आहे तिचं. नऊ दिवसांनी युद्ध पेटलं होतं.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल.

सुरुवातीचे दोन महिने मी सगळ्यांसारखाच ‘तो कोण होता’ यात घालवले. हा या छंदाचा सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात कमअस्सल भाग. एफबीआयने 2016 मध्ये तपास थांबवला आणि नंतर फायली टप्प्याटप्प्याने खुल्या होत गेल्या. हजारो पानं, त्यांतली कितीतरी काळ्या पट्ट्यांनी झाकलेली. त्यातून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवा संशयित काढतो. पद्धत ठरलेली: माणूस साधारण चाळिशी-पंचेचाळिशीचा, सैन्यात होता, पैशाची चणचण होती, एफबीआयच्या रेखाचित्राशी भुवया जुळतात आणि मरताना काहीतरी पुटपुटला. अशा हिशोबाने आमच्या वाड्यातले निम्मे काका कूपर ठरतील. यातले बहुतेक लोक हयात नाहीत, म्हणजे उत्तर द्यायला कुणी नाही; मुलं-नातवंडं तेवढी आहेत. एका बैठकीत एक बाई शेवटच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. चहाच्या वेळी हळूच म्हणाल्या की तुम्ही ज्यांचं नाव घेताय ते माझे मामा. त्यानंतर अर्धा तास कुणाला बिस्किटाला हात लावावासा वाटला नाही. त्या दिवसापासून मी संशयितांचं खातं बंद केलं. साप साप म्हणून भुई धोपटण्यात माझा जीव रमत नाही. या भागाला पाचपैकी एक तारा, तोही रेखाचित्र काढणाऱ्याला.

खरा माल वाळूत आहे.

फेब्रुवारी 1980 मध्ये कोलंबिया नदीच्या काठी, टीना बार नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर, एक आठ वर्षांचा मुलगा शेकोटीसाठी हाताने वाळू सारखी करत होता. त्याला नोटांच्या तीन गड्ड्या मिळाल्या. कडा झिजलेल्या, काळ्या पडलेल्या, पण रबरबँड अजून जागेवर. 20 च्या 290 नोटा, म्हणजे 5,800 डॉलर, आणि क्रमांक कूपरला दिलेल्या नोटांशी जुळले. दोन गड्ड्या शंभराच्या, तिसरी नव्वदची. उरलेल्या दहा नोटा कुठे गेल्या यावर मी एक अख्खी संध्याकाळ वाद ऐकलाय.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. तपास करणाऱ्यांच्या मूळ हिशोबाप्रमाणे तो एरियल गावाजवळ, लुइस नदीच्या खोऱ्यात पडला असावा. लुइस नदी कोलंबियाला जिथे मिळते ती जागा टीना बारच्या खाली आहे, प्रवाहाच्या दिशेने पुढे. पाणी उलटं वाहत नाही, मग पैसे वर कसे आले? या एका प्रश्नावर मंडळींचे तीन तट पडलेत. एक म्हणतो विमानाचा मार्गच चुकीचा धरलाय, तो आणखी पूर्वेला वॉशुगलच्या पाणलोटात पडला; ती नदी वरच्या अंगाला मिळते, म्हणजे पैसे वाहत येऊ शकतात. दुसरा म्हणतो कुणीतरी आणून पुरले. तिसरा 1974 च्या गाळउपशाकडे बोट दाखवतो: तेव्हा नदीतून उपसलेली वाळू याच काठावर टाकली होती. त्यावर एका भूशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की नोटा त्या उपशाच्या थराच्या वर होत्या. आणि 2020 मध्ये संशोधक टॉम के आणि सहकाऱ्यांनी नोटांवर चिकटलेले डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शेवाळं, तपासून सांगितलं की ही वसंत ऋतूत वाढणारी जात आहे. म्हणजे नोटा नोव्हेंबरात पाण्यात पडल्या नसाव्यात! उडी नोव्हेंबरची, भिजणं वसंतातलं. मधले महिने त्या कुठे होत्या? प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे असं शाळेत पाठ केलं होतं. इथे लोक खरंच वाळू रगडतात आणि थेंब-थेंब तेल निघतंही.

हे वाचून मलाही हात साफ करावासा वाटला. जानेवारीत नोटांच्या मापाचे कागद कापून तीन गड्ड्या बांधल्या, प्रत्येकीला साधे रबरबँड. एक कपाटाच्या खणात, एक डेकच्या कठड्यावर ऊन-पावसात, एक ओल्या वाळूने भरलेल्या कुंडीत. कुंडी कोथिंबिरीची होती, हे मी घरात सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये सासूबाई आल्या, बी टोकायला त्यांनी कुंडी उकरली, तर हाताला गड्डी. आत येऊन शांतपणे म्हणाल्या, ‘जावईबापू, पैसे पेरलेत का? मग खत तरी घालायचं.’ गड्डी त्यांनी जशी होती तशी परत पुरली, हे त्यांचे उपकार.

निकाल असा: डेकवरचा रबरबँड मार्चअखेर चिकट झाला, मग तडकला आणि एका सकाळी कागद शेजाऱ्याच्या अंगणात. खणातला अजून ठणठणीत. एका कुंडीवरून शास्त्र होत नाही हे मलाही कळतं, पण ज्या रबराने उघड्यावर तीन महिने काढले नाहीत, त्याच्या जातीचं काही आठ वर्षं टिकलं असेल तर ते नक्कीच कुठेतरी झाकलेलं होतं, एवढं माझ्या बोटांना पटलं.

दुसरा प्रयोग तांदळाचा. 20 च्या 10,000 नोटा म्हणजे साधारण 10 किलो. आपल्या इंडियन स्टोअरमधली 20 पौंडांची तांदळाची पिशवी जवळपास तेवढीच भरते. कूपरने एका पॅराशूटच्या दोऱ्या कापून बँकेची थैली कमरेला बांधली होती. मी कपडे वाळत घालायच्या दोरीने सोना मसुरी बांधली, ऑफिसचे बूट घातले आणि पाऊस पडत असताना रात्री डेकच्या जिन्यावरून उतरलो. सात पायऱ्या. चौथ्या पायरीला पिशवी गुडघ्यांच्या मध्ये आली आणि मी पुढच्या तीन पायऱ्या बसूनच उतरलो. तो माणूस तसाच जिना उतरला, फक्त त्याच्या जिन्याखाली जमीन नव्हती. तोवर मी ‘तो सराईत होता’ या पक्षात होतो. आता निम्मा इकडे, निम्मा तिकडे. त्याने नेलेलं एक राखीव पॅराशूट वर्गात शिकवायचं, शिवून बंद केलेलं होतं. सराईत माणूस ते उचलेल का? पण 727 चा मागचा जिना उडताना उघडता येतो हे त्याला माहीत होतं, आणि फ्लॅप किती अंशांवर ठेवायचे हेही. नवशिक्याला हे कुठून कळलं? या प्रश्नाला तळ नाही. छंद म्हणून मात्र झकास.

भेटीगाठींबद्दल. एरियलच्या दुकान-कम-बारमध्ये कित्येक वर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी कूपरच्या नावाने जत्रा भरायची, त्याच्यासारखं दिसण्याची स्पर्धाही असायची. 2018 पासून कूपरकॉन नावाचं संमेलन आहे, ते व्हँकुव्हरलाही भरलंय. कॅनडातलं नाही, नदीपलीकडचं वॉशिंग्टनमधलं. मी अजून तिथे गेलेलो नाही. माझी मजल एका कॉफीच्या दुकानातल्या मागच्या टेबलापर्यंत. दहा-बारा माणसं, बहुतेक निवृत्त, एक शाळामास्तर, एक नर्स. 727 वर काम केलेले एक मेकॅनिक आजोबा आहेत. त्यांनी एकदा ‘कूपर व्हेन’ समजावली. या प्रकारानंतर जिन्याला बाहेरून बसवलेली ती एक फळी. विमान उभं असताना स्प्रिंगने एका बाजूला, उडताना वाऱ्याने फिरून जिन्याच्या आड. आजोबांनी कॉफीच्या झाकणातून फळी कापली, टाचणीवर बसवली आणि फुंकर मारली. फळी वळली. एका माणसाच्या उडीचं उत्तर इतकं साधं!

मे महिन्यात भेट ठरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि खरी परीक्षा तिथे. टीना बार खाजगी जमिनीत आहे, तिथे कुणाच्या कुंपणात शिरायचं नाही. म्हणून जवळच्या फ्रेंचमन्स बार या सार्वजनिक बागेत जमायचं ठरलं. मग कळलं की ‘वाहत आले’वाले एक गृहस्थ आणि ‘पुरले’वाले एक गृहस्थ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एक येणार असेल तर दुसरा येत नाही. लग्नात रुसलेले व्याही सांभाळल्याचा अनुभव कामी आला: दोघांनाही सांगितलं की समोरचा येणार नाही. दोघंही आले. दोन बाकांवर पाठीला पाठ लावून बसले. मी चाळीस बटाटेवडे नेले होते. दोघांचाही हात शेवटच्या वड्यावर एकदम पडला तेव्हा पहिलं वाक्य बोललं गेलं, ते वड्याबद्दल होतं. तासाभराने दोघं काठावर उभे राहून काठीने वाळूत थर काढत होते. पटलं काहीच नाही, पण आवाज चढले नाहीत.

तक्रारी आहेत. एक म्हणजे वेळ. रात्री साडेअकराला टायवर सापडलेल्या टायटॅनियमच्या कणांबद्दल वाचायला बसलात तर दीड वाजतो. शुद्ध टायटॅनियम तेव्हा सहज हाती लागणारी गोष्ट नव्हती, म्हणून तो कुठल्या कारखान्यात काम करत होता का असा तर्क निघतो. पण टाय जुना घेतलेला असेल तर कण आधीच्या मालकाचे! दुसरी, पुराव्यातली आठ सिगरेटची थोटकं हरवली, हे वाचून होणारी चिडचिड कुठल्याही सूचनेशिवाय परत परत येते. तिसरी तक्रार बायकोची, ती तिच्याच शब्दांत: ‘पाहुण्यांसमोर नको.’

ज्यांना शेवटच्या पानावर उत्तर लागतं, त्यांनी यात पडू नये. नकाशे आवडणाऱ्यांनी, यंत्रं खोलून बघणाऱ्यांनी जरूर पडावं. खर्च किरकोळ: कॉफी, पेट्रोल, सिअ‍ॅटलच्या विमान संग्रहालयाचं तिकीट. तिथे पहिलंवहिलं 727 ठेवलेलं आहे. त्याच्या शेपटीखाली मी इतका वेळ उभा राहिलो की मुलगी म्हणाली, ‘बाबा, चला ना, तो काही येत नाही आता.’

कुंडीतली गड्डी मी गेल्या रविवारी काढायला गेलो होतो. बोटाने वाळू बाजूला केली, कागदाची कड दिसली, रबरबँड जागेवर होता. हात मागे घेतला. नोव्हेंबरला काढू. सासूबाईंनी जाताना कोथिंबीर दुसऱ्या कुंडीत लावून दिली आहे आणि या कुंडीवर मार्करने लिहून ठेवलंय: ‘हात लावू नये. जावयाची ठेव.’